लिफाफा घ्या, फोन घेऊ नका

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील बदलले आहेत. त्या टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करतात आणि सात वर्षांच्या मुलीसह आई, भाऊ व वहिनी यांच्याकडे राहतात. तीन वर्षांपूर्वी येथील न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांच्या पतीविरुद्ध संरक्षण आदेश दिला. पतीने कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये, कामाच्या ठिकाणी आणि मुलीच्या शाळेत येऊ नये, असे त्या आदेशात म्हटले आहे. दीड वर्षापूर्वी येथील कौटुंबिक न्यायालयात घटस्फोट झाला आणि मुलीचा ताबा आईकडे राहिला. माजी पती आता पुण्यात असतात. काही दिवसांपूर्वी पुण्याच्या न्यायालयातून रजिस्टर पोस्टाने लिफाफा आला. “घेऊच नको, घेतलास की केस सुरू झाली,” असे भाऊ म्हणाला आणि लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत गेला. चार दिवसांनी पूर्वीच्या नणंदेचा फोन आला आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले. कागद इंग्रजीत आहेत. मुलीचे नाव, एक क्रमांक आणि तीन आठवड्यांनंतरची एक तारीख, एवढेच पत्रलेखिकेला समजले. खाली मजकूर होता : “तारखेआधी एकदा येऊन भेट, मिटवून टाकू, नाहीतर मुलगी हातची जाईल.” त्या विचारतात : संरक्षण आदेश असताना त्यांनी कागद पाठवणे हाच आदेशभंग नाही का? आम्ही लिफाफे परतच पाठवत राहावे का? मी पुण्याला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तर माझा आदेश रद्द होईल का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : “पोस्टमनकाका पत्र न देताच का गेले, असे मुलगी विचारते. तिला काय सांगू?”

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला जाणवले ते असे की तुमच्या मनात लिफाफा आणि नणंदेचा फोन हे दोन्ही एकाच हातून आलेले आहेत. त्या माणसाचे नाव कोठेही दिसले तरी छातीत धस्स होते, असे तुम्ही लिहिले आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही जे सोसले त्यानंतर तसे होणे स्वाभाविक आहे. तरीही या दोन गोष्टी आज वेगळ्या करणे भाग आहे, कारण लिफाफा न्यायालयाने पाठवलेला आहे आणि फोन त्यांच्या घरातून आलेला आहे. ज्या आदेशाने तुमचे रक्षण केले तो फोनला अडवतो. लिफाफ्याला तो अडवत नाही आणि त्याने अडवूही नये.

तुमचा पहिला प्रश्न येथेच सुटतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी समोरच्या व्यक्तीला प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, दूरध्वनीवरून किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने संपर्क साधण्यास मनाई करू शकतात. न्यायालयात अर्ज करण्याचा माणसाचा हक्क मात्र या मनाईने संपत नाही. अर्ज दाखल झाल्यावर ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याला कळवणे हे न्यायालयाचे कर्तव्य असते आणि त्यासाठी पोस्टाने किंवा बेलिफामार्फत, म्हणजे नोटिसा बजावणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्यामार्फत, पाठवलेली नोटीस हा त्या माणसाने तुमच्याशी साधलेला संपर्क ठरत नाही. तीन वर्षांपूर्वी तुमच्या अर्जाची नोटीस त्यांना अशीच गेली होती आणि ती गेली म्हणूनच तुमचा आदेश आज पक्का आहे.

याच कागदांचे निमित्त करून ते स्वतः तुमच्या दारात आले, तर मात्र गोष्ट निराळी. काही वेळा न्यायालय अर्जदारालाच समन्स बजावण्याची परवानगी देते, त्याला न्यायालयात हमदस्त म्हणतात. तसे काही घडण्याची शक्यता वाटली तर संरक्षण आदेशाची प्रत पुण्याच्या न्यायालयापुढे ठेवून, बजावणी बेलिफामार्फत किंवा वकिलांमार्फतच व्हावी अशी विनंती आधीच करून ठेवावी. हातात कागद आहे म्हणून मनाई असलेल्या उंबरठ्यावर उभे राहण्याची मुभा कोणाला मिळत नाही.

आता तुमच्या भावाचे म्हणणे. त्याने तुमच्यासाठी काय केले आहे ते तुमच्या पत्रातून दिसते, त्यामुळे त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य आपण सगळेच ऐकत मोठे झालो आणि त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण ताई, तुम्ही ती पायरी केव्हाच चढलेल्या आहात आणि तेथून संरक्षण घेऊन परत आलेल्या आहात. लिफाफा घेतला की खटला सुरू होतो, हा समज तर सरळच चुकीचा आहे. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी प्रकरण सुरू झालेले असते आणि लिफाफा फक्त ती बातमी घेऊन येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की टपाल घेण्यास नकार दिल्याचा पोस्टाचा शेरा आला, तर न्यायालयाने समन्स रीतसर बजावले गेले असे जाहीर करावे. म्हणजे त्या दिवशी दारातून परत गेलेला लिफाफा न्यायालयाच्या दृष्टीने बहुधा तुम्हाला मिळालेलाच आहे. फरक एवढाच की त्यात काय लिहिले आहे ते समोरच्या पक्षाला माहीत आहे आणि तुम्हाला नाही.

पुढची पायरी याहून त्रासाची असते. बेलिफ येतो, कोणी घेत नाही असे पाहतो आणि नोटीस दारावर चिकटवून जातो. पूर्व भागातल्या चाळीत दारावर चिकटवलेला न्यायालयाचा कागद संध्याकाळपर्यंत किती जण वाचतील, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणखी एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवा. तुम्ही कामावर असताना तुमच्यासोबत राहणाऱ्या कोणाही सज्ञान कुटुंबीयाने, म्हणजे आईने किंवा वहिनीने, बेलिफाकडून समन्स घेतले तरी ते तुम्हाला बजावलेलेच धरले जाऊ शकते. म्हणून जो कोणी घेईल त्याने ते त्याच संध्याकाळी तुमच्या हाती द्यावे. ‘हिला उगाच ताप नको’ या मायेने टीव्हीखाली सरकवून ठेवलेल्या लिफाफ्यांनी बायकांचे फार नुकसान केलेले मी पाहिले आहे. एका भगिनीला तिची बाजू न ऐकताच तिच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झाल्याचे कळले ते थेट त्या हुकुमाची अंमलबजावणी मागणारी दरखास्त आल्यावर. सासऱ्यांनी घेतलेली पहिली नोटीस देवघरातल्या पंचांगात सापडली. तो हुकूम पुढे रद्द झाला, पण त्यासाठी तिचे वर्ष गेले.

न गेल्याने काय होते, हेही नीट समजून घ्या. ठरलेल्या तारखेला कोणीच हजर झाले नाही, तर न्यायालय प्रकरण एकतर्फी चालवू शकते. उत्तर दिले गेले आणि त्यात एखादा आरोप स्पष्टपणे नाकारला नाही, तर तो मान्य केला असे धरले जाऊ शकते. एकतर्फी हुकूम झाल्यास तो रद्द करून घेण्याचा मार्ग आहे. त्यासाठी हुकुमाच्या तारखेपासून, किंवा समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हुकूम कळल्यापासून, ३० दिवसांची मुदत असते आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण द्यावे लागते. ‘मला काही कळलेच नव्हते’ हे कारण तुमच्या बाबतीत टिकणे कठीण आहे, कारण पोस्टाचा शेरा आहे आणि तारीख दाखवणारे फोटोही तुमच्या फोनवर आलेले आहेत. नणंदेने पाठवलेले फोटो ही न्यायालयाची रीतसर बजावणी नव्हे, हे खरे. पण सुनावणीची तारीख तुम्हाला माहीत होती, असे उद्या त्यावरून दाखवता येईल.

मला सर्वांत मोठी काळजी वाटते ती वेगळीच. फोटोवर मुलीचे नाव आहे म्हणून हा ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज असावा, असे तुम्ही धरून चालला आहात आणि बहुधा तसेच असेल. परंतु न उघडलेल्या लिफाफ्यात काय आहे हे अंदाजाने ठरवू नये, कारण अशाच एखाद्या लिफाफ्यातून तुमच्या संरक्षण आदेशावरही गदा येऊ शकते. त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे संरक्षण आदेश तुम्ही स्वतः तो काढून टाकण्याचा अर्ज करेपर्यंत चालू राहतो. मात्र त्याच कलमात असेही आहे की परिस्थिती बदलली म्हणून दोघांपैकी कोणीही अर्ज केला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची खात्री पटली, तर कारणे नोंदवून आदेश बदलता किंवा रद्द करता येतो. तसा अर्ज उद्या सोलापूरच्या न्यायालयात झाला, त्याची नोटीस अशीच परत गेली आणि तुमची बाजू मांडायला कोणी नसले, तर ज्या आदेशाच्या भरवशावर तुम्ही लिफाफे परत पाठवत आहात तोच आदेश तुमच्या पाठीमागे ढिला होऊ शकेल.

न्यायालयात उभे राहिल्याने, उत्तर दिल्याने किंवा त्यांच्यासमोर बाकावर बसल्याने तुमचा आदेश रद्द होत नाही. घटस्फोट झाल्यामुळेही तो आपोआप संपलेला नाही. आधी घडलेल्या हिंसाचाराबद्दल या कायद्याखाली मिळणारे संरक्षण नंतरच्या घटस्फोटामुळे हिरावले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. याउलट नणंदेच्या सांगण्यावरून तुम्ही एकट्या जाऊन त्यांना भेटलात, तर त्या भेटीने आदेश लगेच संपणार नसला, तरी ‘आता आमच्यात बोलणे सुरू आहे, मनाईची गरज उरलेली नाही’ असे सांगायला त्यांना एक मुद्दा मिळेल. मिटवायचे असेल तर त्यासाठी न्यायालयातच जागा आहे, तेथे समुपदेशक आहेत, दोघांचे वकील आहेत आणि जे ठरेल ते नोंदले जाते. हॉटेलात किंवा नातेवाइकाच्या घरी बसून कोणत्याही कागदावर, कोऱ्यावर तर मुळीच, सही करू नका.

तेव्हा आता काय करायचे? फोटोतल्या पहिल्या पानावर प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष असेल, कदाचित सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांकही, म्हणजे न्यायालयाच्या नोंदीत त्या प्रकरणाची ओळख असणारा क्रमांकही, असेल. तो वहीत उतरवून घ्या. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या सरकारी ॲपवर तो घातला की प्रकरण कोणत्या न्यायालयात आहे आणि पुढील तारीख कोणती, हे पाहता येते. समोरच्या पक्षाकडून आलेल्या फोटोवर विसंबू नये. तारीख न्यायालयाच्या नोंदीतूनच खात्री करून घ्यावी.

त्यानंतर वकील. तुमच्या आधीच्या वकिलांशी संपर्क राहिलेला नाही आणि त्यांची फी परवडणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे, कारण ‘आम्ही काही दारिद्र्यरेषेखाली नाही’ असे म्हणून परत फिरलेल्या अनेक कष्टकरी स्त्रिया मला भेटल्या आहेत. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. प्रकरण पुण्यात असल्यामुळे तेथे वकील मिळावा, यासाठी अर्ज पुण्याच्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची विनंती याच कार्यालयात करावी. १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. जाताना संरक्षण आदेशाची व घटस्फोटाच्या हुकुमाची नक्कल, मुलीचा जन्मदाखला आणि ते तीन फोटो छापून सोबत न्या. आदेशाची प्रत हरवली असेल, तर ज्या न्यायालयाने तो दिला तेथे नक्कल मिळण्यासाठी अर्ज करता येतो.

पहिल्या तारखेबद्दल तुमच्या मनात जे चित्र आहे ते थोडे सैल करा. त्या दिवशी मुलीला उचलून कोणाच्या हाती दिले जाणार नाही. सहसा पहिल्या तारखेला हजेरी नोंदली जाते. अर्जाची आणि सोबतच्या कागदांची प्रत मिळाली नसल्याचे सांगून ती मागता येते आणि उत्तर देण्यासाठी मुदत मागता येते. दिवाणी दाव्यात लेखी कैफियतीसाठी, म्हणजे लेखी उत्तरासाठी, साधारणपणे ३० दिवस असतात आणि कारण दाखवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. तुमच्या अर्जाला नेमकी किती मुदत, ते वकील कागद पाहून सांगतील. कौटुंबिक न्यायालयात वकील देण्यास न्यायालयाची परवानगी लागते, ती सहसा मिळते.

यात एक मुद्दा तुमच्या बाजूचा असू शकतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, मुलाच्या पालकत्वाचा किंवा ताब्याचा अर्ज, ते मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करायचा असतो. तुमची मुलगी तीन वर्षे सोलापुरात राहते, येथेच शिकते आणि तुमच्या घटस्फोटाचा हुकूमही येथीलच आहे. मग हा अर्ज पुण्यात कसा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो प्रश्न विचारण्यासाठीही पुण्याच्या न्यायालयात हजेरी लावावी लागते आणि तीही सुरुवातीलाच. लिफाफा परत पाठवून हा आक्षेप नोंदला जात नाही. अर्ज दुसऱ्या कायद्याखाली असेल आणि पुण्यात चालू शकत असेल, तरीही तो सोलापूरला वर्ग करून मागता येतो. दोन वेगळे जिल्हे असल्यामुळे ती मागणी उच्च न्यायालयात करावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बसणाऱ्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) क्षेत्रात सोलापूर येते, पुणे येत नाही, म्हणून अर्ज कोठे करायचा हे वकिलांनाच ठरवू द्या. तोपर्यंत सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जाणे आणि एक दिवसाचा रोज बुडवणे तुमच्या नशिबी येईल, आणि हा भार लहान नाही हे मला कळते. प्रवासखर्चाची मागणी न्यायालयापुढे करता येते. प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः हवे की वकील पुरेसे, हेही आधी विचारून घ्या.

न्यायालयाच्या आवारात त्यांचे येणे हा आदेशभंग नाही, पण तेथे तुम्हाला अडवून बोलणे, मागे मागे येणे किंवा धमकावणे याला आदेशातील मनाई लागू राहते. भावाला सोबत न्या, थोड्या लवकर पोहोचा आणि वकिलांना सांगून पुकारा होईपर्यंत वेगळ्या ठिकाणी बसा. कौटुंबिक न्यायालयाचे कामकाज बंद दालनात चालावे अशी मागणी पक्षकाराला करता येते. समुपदेशकांनी दोघांना एकत्र बोलावले, तर संरक्षण आदेश दाखवून वेगवेगळे बसवण्याची विनंती करा. ही विनंती करताना अपराधी वाटून घेऊ नका.

आता नणंदेचा फोन. तो घेऊ नका आणि तिच्या मजकुराला एका अक्षराचेही उत्तर देऊ नका, रागाचे नाही आणि विनवणीचेही नाही. मात्र काही पुसू नका. फोटो, मजकूर, क्रमांक, दिवस आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि मूळ संदेश त्याच फोनमध्ये राहू द्या. पुढे पुरावा म्हणून ते देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करून घेतील. संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नणंदेमार्फत निरोप धाडणे या भंगात बसते की नाही, हे तुमच्या आदेशातील शब्दांवर आणि निरोप त्यांनीच द्यायला लावला हे किती दाखवता येते यावर अवलंबून राहील. म्हणून आदेशाचा शेवटचा, प्रत्यक्ष हुकुमाचा भाग वकिलांसोबत ओळीने वाचा.

लगेच पोलिसांत जावे की थांबावे, याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. तक्रार केल्याने दबाव आणण्याची ही वाट बंद होऊ शकते. दुसरीकडे, ताब्याचे प्रकरण उभे असताना केलेली अर्धवट पुराव्याची तक्रार ‘सूड म्हणून केली’ असे रंगवली जाते. माझे मत असे की याच २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना आजच लेखी कळवून पोच घ्यावी, म्हणजे घटना घडली त्याच आठवड्यातील नोंद राहील, आणि पोलिसांतील तक्रारीचा निर्णय वकिलांना भेटल्यावर घ्यावा. पण ते स्वतः कारखान्याच्या फाटकावर किंवा शाळेपाशी दिसले, तर वकिलांची वाट पाहू नका. ११२ वर फोन करा. शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे आदेशाची एक प्रत देऊन ठेवा आणि मुलीला न्यायला कोण येईल त्यांची नावे लिहून द्या.

तुमच्यासारख्या स्थितीत असलेल्या इतर वाचक भगिनींसाठीही पुढचे सांगते, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. आपण न्यायालयात जे जे दाखल करतो त्याची प्रत समोरच्या पक्षाला मिळते. भाड्याची नवी खोली, बदललेला मोबाइल क्रमांक, मुलीच्या शाळेचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, हे सगळे जसेच्या तसे जोडले तर जी माहिती तुम्ही तीन वर्षे जपली ती आपल्याच हाताने दिल्यासारखे होते. कोणता तपशील देणे आवश्यक आहे आणि कोणता झाकता येईल, हे वकिलांना आधी विचारा. वकीलपत्र दाखल झाल्यावर पुढील बहुतेक कागद वकिलांमार्फत येऊ शकतात, त्यामुळे दारात येणारे लिफाफेही कमी होतील. तसेच वकिलाने पाठवलेली नोटीस आणि न्यायालयाची नोटीस यांतील फरक ओळखायला शिका. वकिलाच्या नोटिशीवर न्यायालयाचा शिक्का आणि हजर राहण्याची तारीख नसते, ती पक्षकाराच्या वतीने लिहिलेले पत्र असते. तीही फेकू नये, पण तिने घाबरून रात्र जागवू नये.

लिफाफा उघडण्याचीही एक रीत असावी. रात्री, एकटीने आणि मुलीसमोर उघडू नका. मिळाला तो दिवस लिफाफ्यावर लिहा आणि लिफाफा जपून ठेवा, कारण त्यावरचा पोस्टाचा शिक्का मुदत मोजायला उपयोगी पडतो. आधी फक्त तीन गोष्टी शोधा : न्यायालय, क्रमांक, तारीख. आत तुमच्याबद्दल वाईट लिहिलेले असणार आहे, तुम्ही आई म्हणून कशा कमी पडता याचे परिच्छेदच्या परिच्छेद असतील. ते वाचताना लक्षात असू द्या की ही एका पक्षाची लेखी बाजू आहे आणि न्यायालयाने त्यातले काहीही अजून मान्य केलेले नाही. त्याला उत्तर परिच्छेदागणिक, कैफियतीत द्यायचे आहे. त्यांना फोन करून द्यायचे नाही.

एक अवघड गोष्ट विचारते, रागावू नका. अर्ज केवळ तुम्हाला त्रास देण्यासाठीच आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे असू शकते. एकामागून एक अर्ज टाकून स्त्रीला दमवणारी माणसे असतात, आणि तुमच्या बाबतीत तसे दिसू लागले तर सगळ्या प्रकरणांची एक यादी करून ती प्रत्येक न्यायालयापुढे ठेवावी. पण कदाचित मुलीला भेटण्याची त्यांची इच्छा खरीही असेल. तुमच्यासाठी असलेली मनाई मुलीच्या भेटीला आपोआप लागू होतेच असे नाही आणि न्यायालय मुलीचे हित पाहील. म्हणून ‘भेट नाहीच’ एवढ्यावर थांबण्याऐवजी, भेट द्यावी लागली तर ती कोठे, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली आणि तुम्ही दोघे समोरासमोर न येता मुलीला कोण नेईल-आणील, याचा विचार आधीच करून वकिलांना सांगा. भेटीमुळे मुलीला धोका आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर तो कशावरून, हे घटना आणि दिवस यांसह लिहून काढा. तिने वडिलांबद्दल काय विचारले, कधी विचारले, तेही प्रामाणिकपणे लिहा. तुमची भीती आणि तिची भीती या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि न्यायाधीश हा फरक तुमच्याकडून ऐकतील तेव्हा तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही त्यांचा विश्वास अधिक बसेल.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला खोटे सांगू नका आणि सगळेही सांगू नका. “ते पत्र मोठ्यांच्या कामाचे होते, त्या दिवशी आम्ही घाबरून ते घेतले नाही, आता पोस्टमनकाका आले की मी घेणार आहे,” एवढे पुरे. मग तो लिफाफा पुन्हा येईल तेव्हा, ती घरी असली तर, तिच्यासमोरच सही करून घ्या आणि उघडा मात्र ती झोपल्यावर नव्हे, दुसऱ्या दिवशी, ती शाळेत गेल्यावर, वहिनीला शेजारी बसवून.

तुमची,
सदरलेखिका